एक जूनचा जन्म आणि जन्मभराची कैद

हिंगोली, सेनगाव किंवा कळमनुरीकडच्या एखाद्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर चाळले, की ओळीने कित्येक पोरांची जन्मतारीख एकच दिसते : १ जून. बाळंतपण घरी झालेले, ग्रामपंचायतीत नोंद नाही. आईच्या आठवणीत पोर ‘पोळ्याच्या आधी’ किंवा ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’ झालेले. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघत आणि शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून टाकून मोकळे होत. सरकारी कचेऱ्यांतून ३१ मेला एकाच वेळी इतकी माणसे निवृत्त का होतात, याचे उत्तरही याच रजिस्टरात आहे.

निवृत्ती वर्षभर अलीकडे-पलीकडे झाली तर फारसे बिघडत नाही. फौजदारी न्यायालयात मात्र हाच रकाना माणसाचे उभे आयुष्य ठरवतो. गुन्ह्याच्या दिवशी आरोपी अठराच्या आत होता की बाहेर, यावर त्याची वाट बाल न्याय मंडळाकडे जाते की सत्र न्यायालयाकडे, हे अवलंबून असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार वयाचा पहिला पुरावा म्हणजे शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तिचा अंदाजही दोनेक वर्षे इकडेतिकडे होतो.

अल्पवयात केलेल्या गुन्ह्यासाठी मरेपर्यंत तुरुंग, सुटकेची आशाच नाही, अशी शिक्षा असावी का? हा वाद अमेरिकेचा, आपल्याकडे कायद्यानेच त्याला बंदी आहे, असे म्हणून आपण सहसा मोकळे होतो. बंदी आहे, हे खरे. तरीही महाराष्ट्राच्या तुरुंगात एक मुलगा बाराव्या वर्षापासून एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत राहिला, हेही तितकेच खरे आहे.

ते प्रकरण पुण्याचे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पौड फाट्याजवळच्या एका सोसायटीत राठी कुटुंबातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुले मारली गेली. त्यांपैकी एक स्त्री गरोदर होती. पुणे हादरले होते, आणि त्या पिढीतल्या पुणेकरांना ते प्रकरण आजही आठवते. तीन तरुण पकडले गेले. एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये शिक्कामोर्तब केले. दोघांतल्या एकाची फाशी पुढे राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली.

दुसरा राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातला. खटल्याच्या कागदांत त्याचे वय वीस-बावीस लिहिले होते. नावही पुरते बरोबर नव्हते; गावच्या शाळेत तो वेगळ्याच नावाने दाखल होता. त्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. त्यांचा अहवाल आला, तो मुलगा अल्पवयीनच होता. त्यानंतरही अंतिम निकालाला जवळपास चार वर्षे लागली. २७ मार्च २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. हृषिकेश रॉय यांनी त्याला सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा तो नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होता. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. त्याने साडेअठ्ठावीस वर्षे काढली, त्यातली बहुतेक फाशीच्या सावटाखाली. (विधिसंघर्षग्रस्त बालकाचे नाव छापायला कायद्याची मनाई आहे. निकालपत्राच्या मथळ्यावर ते छापले गेले असले, तरी ते इथे देण्याचे कारण नाही.)

१९९४ साली मुलांसाठी वेगळा कायदा नव्हता, असे कुणाला वाटेल. होता. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा ही मर्यादा होती, आणि अल्पवयीनाला फाशीच काय, कैदेची शिक्षाही देता येत नव्हती. साडेबारा वर्षांचा मुलगा कुठल्याही हिशेबाने त्या मर्यादेच्या आतच होता. पोलीस ठाणे, दंडाधिकारी, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशा सगळ्या पायऱ्यांवर कायदा शाबूत होता. फक्त त्या मुलाचा शाळेचा कागद कुणी मागवला नाही.

हे एकच अपवादात्मक प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही, कारण डेहराडूनच्या एका खटल्यात जवळजवळ हेच घडले, आणि ते या विषयाच्या आणखी जवळचे आहे. तिथल्या आरोपीचे वय १९९४ मधल्या गुन्ह्याच्या वेळी चौदा होते. त्यालाही फाशी झाली. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी ती जन्मठेपेत बदलली, पण अट घातली : वयाची साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत सोडायचे नाही. चौदाव्या वर्षीच्या कृत्यासाठी साठाव्या वर्षापर्यंत दार बंद. भारतात सुटकेविना जन्मठेप मुलांना देत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा आदेश वाचायला हवा. ८ जानेवारी २०२५ रोजी न्या. एम. एम. सुंदरेश आणि न्या. अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने त्याला मुक्त केले. त्याआधी प्रत्येक टप्प्यावर त्याने आपले वय सांगितले होते. न्यायालयांनी कागदपत्रांकडे दुर्लक्ष केल्याचे खंडपीठानेच नमूद केले.

आणि तिसरे प्रकरण नाशिकचे, मराठवाड्यातल्या वाचकाला घरचे वाटेल असे. २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा, बलात्कार आणि पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांच्यातला एक घटनेच्या वेळी अठराच्या आत होता, हे नंतर सिद्ध झाले. पुढे न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो-अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश राज्य सरकारला झाला. वय चुकले होते आणि गुन्हेगारही चुकले होते. पालावरच्या पोराच्या बाबतीत या दोन चुका एकत्र होतात, हा योगायोग नव्हे.

हिंगोलीला जन्मठेप आणि जमात यांचे नाते तसे जुने आहे. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे निजामाच्या फौजेच्या छावणीची आठवण अजून सांगतात. ठगांच्या बंदोबस्ताच्या काळात याच छावणीच्या बाजारात ठगांचा एक म्होरक्या कापडाचा व्यापारी म्हणून राहत होता, असे त्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी स्लीमन याने लिहून ठेवले आहे. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच सक्तमजुरीची जन्मठेप ठरवली. माफीचे साक्षीदार झालेल्यांची मुले जबलपूरच्या उद्योगशाळेत कामाला लागली. गुन्हा बापाचा, देखरेख पोरांवर. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तीच नजर पक्की केली, आणि कायदा रद्द होऊन सत्तर वर्षे उलटली तरी पोलीस ठाण्यातून ती पुरती गेलेली नाही.

अमेरिकेचा इतिहास इथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण हा प्रश्न उघडपणे लढला गेला तो तिथेच. आधी एक खुलासा. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे आजारपण, मयत, लग्न अशा कारणांसाठी कैद्याला मिळणारी रजा. अमेरिकेत पॅरोल म्हणजे मंडळाने विचार करून केलेली सुटका. ती दारे कायमची बंद करून तिथे सतरा, पंधरा, अगदी चौदा वर्षांच्या मुलांना जन्मठेपा दिल्या गेल्या. २०१२ मध्ये असे दोन हजारांहून अधिक कैदी होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या रोपर निकालाने अल्पवयीनांची फाशी गेली, २०१० च्या ग्रॅहम निकालाने खुनाखेरीज इतर गुन्ह्यांतली सुटकेविना जन्मठेप गेली, २०१२ च्या मिलर निकालाने ती सक्तीची राहिली नाही, आणि २०१६ च्या माँटगोमेरी निकालाने तो नियम जुन्या कैद्यांनाही लागू केला. मेंदूचा आवर घालणारा भाग किशोरवयाच्या अखेरपर्यंत घडत असतो, हे न्यायालयाने मानले. पण २०२१ मध्ये बदललेल्या न्यायालयाने जोन्स खटल्यात पाऊल मागे घेतले. ज्याच्या नावाने २०१२ चा निकाल ओळखला जातो त्या मिलरलाच २०२१ मध्ये पुन्हा तीच शिक्षा झाली. हेन्री माँटगोमेरी सतराव्या वर्षी आत गेला तो सत्तावन्न वर्षांनी बाहेर आला. पेनसिल्व्हेनियातला जो लिगन पंधराव्या वर्षी गेला तो अडुसष्ट वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम ३७ अशा शिक्षेला मनाई करते. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. अमेरिकेने सही केली, मान्यता दिलेली नाही.

मग आपल्याकडे कायदा नेमका काय म्हणतो? २००० च्या कायद्याने मुलगे-मुली दोघांसाठी अठराची रेषा आखली आणि फाशी व जन्मठेप दोन्हींना बंदी घातली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर हवा बदलली. त्यातल्या अल्पवयीन आरोपीला तीन वर्षे मिळाली, यावर देशभर संताप झाला. न्या. वर्मा समितीने वय सोळावर आणायला नकार दिला होता, संसदीय समितीही विरोधात होती. तरी तो मुलगा सुटताच दोन-तीन दिवसांत, २२ डिसेंबर २०१५ रोजी, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने ‘निर्घृण’, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा केला असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक कुवत, परिणामांची समज आणि परिस्थिती पाहून मंडळ त्याला प्रौढासारखा खटला चालवायला बालन्यायालयाकडे पाठवू शकते. याच कायद्याचे कलम २१ सांगते : अशा मुलाला फाशी नाही, आणि ‘सुटकेची शक्यता नसलेली’ जन्मठेप नाही. जुन्या कायद्यात जन्मठेपच नव्हती. नव्या कायद्यात ती आहे, फक्त दाराला कडी लावायची नाही.

त्याच महिन्यात, २ डिसेंबर २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने श्रीहरन खटल्यात बहुमताने ठरवले होते, की उच्च आणि सर्वोच्च न्यायालय प्रौढ कैद्याला शिक्षामाफीविना आयुष्यभराची कैद देऊ शकते. म्हणजे तीन आठवड्यांत देशाच्या न्यायालयात आणि संसदेत दोन वेगळ्या रेषा आखल्या गेल्या. अठरा पूर्ण झालेल्यासाठी आशा कायमची बंद करता येईल, सतरा वर्षे अकरा महिन्यांच्यासाठी येणार नाही.

मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात ही रेषा किती बारीक आहे ते दिसते. २०१३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन तरुणींवर त्या पडक्या गिरणीत सामूहिक बलात्कार झाले. दोन्ही प्रकरणांत मिळून दोन अल्पवयीन होते. बाल न्याय मंडळाने २०१५ मध्ये त्यांना दोषी धरून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवले. तीन प्रौढांना २०१४ मध्ये फाशी झाली. त्यांच्यातला सर्वांत लहान जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून उरलेल्या आयुष्यभराची कैद दिली, पॅरोल आणि फर्लो दोन्हींना मनाई करून. एकाच टोळीतल्या मुलांना वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने एकीकडे तीन वर्षे आणि दुसरीकडे मरेपर्यंत तुरुंग. रेषा कुठेतरी आखावीच लागते, हे मान्य. पण रेषेच्या अलीकडचे सगळे कोवळे आणि पलीकडचे सगळे पक्के, असे समजणारा माणूस अठरा वर्षांच्या पोराला भेटलेला नसावा.

पीडितांच्या बाजूने विचार करणाऱ्यांना तीन वर्षे हा आकडा टोचतो, आणि तो टोचणे स्वाभाविक आहे. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले आणि सतरा वर्षांच्या चालकाला काही तासांत जामीन मिळाला. त्यातली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट ऐकून लोक चिडले ते उगाच नव्हे. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्याला प्रौढ म्हणून चालवण्याची पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय समजण्यासारखा आहे, कारण सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षाच नाही. लोकांचा राग खरे तर वयावर नव्हता, पैशावर होता. या मुलाचे वय पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होते. नाशिकच्या खटल्यातल्या पालावरच्या मुलाचे फाशी सुनावल्यावर कळले.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा कायदा ज्या रूपात येतो ते मात्र पोर्शेचे नाही आणि शक्ती मिलचेही नाही. ते असते पोरगा-पोरगी पळून जाण्याचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोमध्ये, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, शरीरसंबंध झाला आणि मुलगी सोळाच्या आत असेल, तर शिक्षा किमान वीस वर्षे आणि जास्तीत जास्त उरलेल्या नैसर्गिक आयुष्याची जन्मठेप. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन पळाला, संबंध आले आणि तिने आपण राजीखुशीने गेल्याचे सांगितले, तरी कायद्याच्या भाषेत तो ‘निर्घृण’ गुन्हा, आणि प्रौढ म्हणून खटल्याचा दरवाजा उघडा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि मराठवाड्याची स्थिती त्याहून वाईट आहे. ऊसतोडीला जाताना पोरीची जबाबदारी नको म्हणून लग्न उरकून देणाऱ्या गावांत तेच वय बोहल्यावर चालते, आणि घरच्यांच्या मर्जीविरुद्ध जुळले की फिर्याद होते. प्रेमप्रकरणातल्या पोराला शक्ती मिलच्या कलमात बसवणे हा कायद्याचा हेतू नव्हता. पण किमान शिक्षेच्या गणिताने तो तिथेच जाऊन बसतो.

प्रौढ म्हणून पाठवायचे की नाही हे ठरवणारे मंडळ म्हणजे एक प्रथमवर्ग दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यांत किमान एक महिला. त्यांना तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन पुरे करायचे असते. मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येईल, असे कायदा सांगतो. गुरुग्राममधल्या शाळकरी मुलाच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बजावले, की हे काम नाजूक आहे आणि त्यासाठी तज्ज्ञ लागतात. मुलाला परिणाम कळत होते का, हे बुद्ध्यांक मोजून किंवा अर्ध्या तासाच्या मुलाखतीत ठरत नाही. महानगरात असा तज्ज्ञ निदान शोधता येतो. औंढा नागनाथ किंवा वसमतच्या मुलासाठी तज्ज्ञ शोधायला नांदेड-संभाजीनगरची वाट धरावी लागली, तर तीन महिन्यांची मुदत कशात जाईल ते सांगायला नको.

त्याआधीची गळतीही मोठी आहे. आयप्रोबोनो या संस्थेने माहिती अधिकारातून गोळा केलेल्या आकडेवारीनुसार २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत देशभरात किमान ९,६८१ मुले प्रौढांच्या तुरुंगात चुकीने ठेवली गेली होती. ही नुसती सापडलेली मुले. बाल न्याय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा कायम झाल्यावरही करता येतो. पुण्याच्या आणि डेहराडूनच्या कैद्यांना याच तरतुदीने वाचवले. पण दावा करायला बाहेर कुणीतरी हवे. पुण्याच्या कैद्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातले ‘प्रकल्प ३९ए’चे वकील उभे राहिले. तेही तो जवळपास पाव शतक आत राहिल्यानंतर.

पूर्ण बंदीची मागणी करणाऱ्यांचे म्हणणे, की अल्पवयीनाला जन्मठेपच नको. कठोर शिक्षेच्या बाजूचे लोक म्हणतात, अठरा हा आकडा गुन्हेगारांची ढाल झाला आहे. अल्पवयीनांचा एकूण गुन्ह्यांतला वाटा एक टक्क्याच्या आसपासच असतो, त्यामुळे ढालीचा युक्तिवाद फारसा टिकत नाही. पण कलम २१ ने सगळे साधले, हा दिलासाही खोटा आहे. त्या कलमाने सुटकेची ‘शक्यता’ ठेवली. ती कुणी, कधी, कशी तपासायची याची एकच जागा आहे, कलम २०. एकविसाव्या वर्षी मुलगा सुरक्षित स्थानात असताना परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा समाजकार्यकर्त्याच्या अहवालावरून बालन्यायालयाने बघायचे : सुधारला असेल तर सोडा, नाहीतर उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवा. एकदा तो तुरुंगात गेला, की पुढे तो इतर जन्मठेपवाल्यांसारखाच. चौदा वर्षे, मग राज्याच्या शिक्षामाफीच्या फायली, आणि फायलीत गुन्ह्याचे वर्णन आधी, गुन्ह्याच्या वेळचे वय कुठेतरी खाली. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये दोन वर्षांच्या मुलाला मारणाऱ्या दहा वर्षांच्या दोघांना २००१ मध्ये सोडताना निर्णय पॅरोल मंडळाने घेतला होता, मंत्र्याने नव्हे. मंत्र्याने ठरवलेली मुदत न्यायालयांनी आधीच मोडीत काढली होती. आपल्याकडे अल्पवयात शिक्षा झालेल्यासाठी ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी करणारे असे स्वतंत्र मंडळ नाही. ते यायला हवे, आणि तोपर्यंत प्रौढ म्हणून पाठवण्याचा अधिकार फार जपून वापरायला हवा.

नवा कायदा १५ जानेवारी २०१६ रोजी लागू झाला. त्या वर्षी सतरा वर्षांचा असताना ज्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला, त्याची एकविशी २०२० पर्यंत आली आणि गेली. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आणि उच्च न्यायालयाच्या बाल न्याय समितीने तीन आकडे जिल्हावार, नावे न देता, दरवर्षी जाहीर करावेत : किती मुले प्रौढ म्हणून पाठवली, किती जणांचे एकविसाव्या वर्षी मूल्यांकन झाले, आणि किती जण त्यानंतर तुरुंगात गेले. हिंगोलीच्या वकील संघाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला आपल्या जिल्ह्यापुरते ते आजही मागता येतील.